बांधाचे दगड आणि सरदाराचा सज्जा

फार पूर्वी, माणसं गावांमधलं अंतर पायाने मोजत तेव्हा, एका गावात एक पाटील होता. माणूस सरळ, पण हुतूतूचा भलता नादी. त्यात त्याचा दोष नव्हता. त्या गावच्या हुतूतूच्या संघाला पंचक्रोशीत तोडच नव्हती.

उन्हाळ्यात गावच्या तळ्याचं पाणी मागे सरलं की काठाची मऊ जमीन उघडी पडे. डाव तिथे रंगत. तळ्याच्या दगडी बांधावर सारा गाव बसे. पाटलाच्या मांडीला मांडी लावून गुराखी बसे आणि बाद झालेल्या गड्याला दोघं मिळून शिव्या घालत.

संघाला पोसणारा एक सरदार होता. गड्यांचं दूध-तूप त्याच्याकडून, म्हणून संघ त्याचा. एके दिवशी तो घोड्यावरून थेट चावडीपाशी आला.

"पाटील, चिखलात लोळणं पुरे झालं. मला दगडी क्रीडांगण बांधून द्या. पायऱ्या, कमानी, आणि माझ्यासाठी सावलीतला सज्जा."

"पण सरदार, चाललंय त्यात वाईट काय आहे?"

"वाईट काहीच नाही. शेजारचं गाव मात्र बांधून द्यायला एका पायावर तयार आहे. संघ तिकडे नेतो. तुम्ही बसा बांधावर, बेडकांच्या उड्या बघत."

पाटलाने झटकन घोड्याचा लगाम धरला. सरदाराने त्याची भीती ओळखली आणि आवाजात साखर घातली. "अहो, लांबलांबचे लोक येतील. धर्मशाळा भरतील. हारवाले, भजीवाले, गाडीवान, साऱ्यांची चांदी होईल."

बोरं विकणारी एक म्हातारी मागून ओरडली, "अरे सरदारा, तळ्यात खेळून तुझा संघ हरला कधी?"

"म्हातारे, तुझी बोरं दुप्पट खपतील!"

सगळे हसले. म्हातारीसुद्धा हसली.

प्रश्न उरला दगडाचा. डोंगर लांब होता. सरदाराने चाबकाने तळ्याचा बांध दाखवला. "हा काय दगड! आता त्याच्यावर बसणार कोण?"

"सरदार, त्या दगडांनी पाणी अडवलंय."

"पावसाळ्याच्या आत डोंगरातला दगड आणून बांध होता तसा करून देतो. सरदाराचा शब्द आहे."

पाटलाने एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा घोड्याकडे. घोड्याचं तोंड शेजारच्या गावाच्या वाटेकडे होतं.

"उतरवा दगड," पाटील म्हणाला.

गावाने घाम गाळून क्रीडांगण उभं केलं. पहिल्या सामन्याला पाटील नवा फेटा बांधून गेला. सज्ज्यात सरदाराचे परगावचे पाहुणे पंख्याचा वारा घेत बसले होते. गावकऱ्यांना सगळ्यात वरच्या पायऱ्या दिल्या होत्या, भर उन्हातल्या. तिथून गडी मुंगळ्यांएवढे दिसत. कोण बाद झालं, ते खालून ओरडा आला की कळे. बोरांच्या म्हातारीला तर पहारेकऱ्याने टोपलीसकट दारातच अडवलं.

"आत फक्त सरदारांची बोरं विकायची."

"अरे, गावची म्हातारी आहे ती!" पाटील म्हणाला.

"असेल. आणि तुम्ही कोण?"

पाटलाने नवा फेटा नीट केला, पण पहारेकऱ्याने पाहिलंही नाही. तरी तो गुमान वर जाऊन बसला. काही झालं तरी संघ आपलाच आहे, असं त्याने मनाला बजावलं.

पावसाळा आला, डोंगरातला दगड आला नाही. श्रावणात तळं काठोकाठ भरलं आणि नुसत्या मातीचा उरलेला बांध फुटला. एका दुपारात तळं रिकामं झालं. शेतांमध्ये मासे तडफडत होते आणि बाया रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन बघत उभ्या होत्या. हिवाळा सरेपर्यंत विहिरींनीही तळ दाखवला.

पाटील तडक सरदाराच्या दारी गेला. तिथे गाड्यांवर सामान चढत होतं.

"सरदार, तुम्ही दगडाचा शब्द दिला होता!"

"शब्दाचं काय घेऊन बसलात, पाटील? तुमच्या गावात प्यायला पाणी नाही. असल्या गावात माझे गडी राहतील कसे? मी चाललो शेजारी."

पाटील आल्या पावली परत फिरला.

पुढे गाव तहानेने कासावीस झालं, तसा पाटील उठला आणि शेजारच्या गावी गेला. वेशीतच त्याचे पाय थबकले. तिथे त्या गावची जुनी बारव होती, पायऱ्यांची, गोड पाण्याची. तिच्या पायऱ्यांना पहारी लावून माणसं चिरे सैल करत होती. शेजारी त्या गावची पाटलीण उभी होती, आणि घोड्यावर सरदार.

पाटलाला पाहताच सरदाराचा चेहरा उजळला. "बघा पाटलीणबाई! मी म्हणत नव्हतो? जुनं गाव मला परत न्यायला टपलंय. त्यांचा पाटील स्वतः मनधरणीला आलाय. बोला, सज्ज्यावर छत देता, की जाऊ याच्याबरोबर?"

मग घोडा पुढे घेऊन तो पाटलाच्या कानाशी वाकला. "नुसतं हो म्हणा. उद्या संघ तुमचा."

पाटलाने पाहिलं, पलीकडे त्याच्याच गावचे गडी मान खाली घालून उभे होते. 'हो' त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. मग त्याची नजर उखडलेल्या पायरीवर गेली.

"बाई," तो म्हणाला, "मी खेळाडू मागायला आलो नाही. माझ्या गावाला प्यायला पाणी मागायला आलोय. आमचंही असंच गेलं. आम्ही बांधाचे दगड दिले. तुम्ही बोलावलंत असं सांगून हे तुमच्याकडे निघाले होते, म्हणून दिले."

पाटलीणबाईंचे डोळे विस्फारले. "आम्ही? आम्ही कधी बोलावलं याला? हाच येऊन विचारत होता, तुम्ही क्रीडांगण देताय, मग आम्ही काय देतो!"

माणसांनी एकेक करून पहारी खाली ठेवल्या.

"जगात गावं काय दोनच आहेत?" सरदार गुरकावला आणि त्याने तिसऱ्या गावाच्या वाटेला घोडा घातला. थोडे गडी त्याच्या मागे गेले, थोडे पाटलाजवळ येऊन उभे राहिले.

"आजच गावी जा," पाटील त्यांना म्हणाला. "क्रीडांगण उतरवायला घ्या. दगड बांधावर न्या."

पाटलीणबाईंनी बारवेतून पाण्याचा तांब्या मागवून पाटलाच्या हातात दिला. "तुमच्या गावाच्या पखाली पाठवून द्या, इथलं पाणी तुमचंच समजा. आणि आता गाडीत बसा."

"कुठे?"

"आडवाटेने गेलं तर त्या घोड्याच्या आधी आपण तिसऱ्या गावाला पोचू."

पाटलाने अर्धाच तांब्या रिकामा केला आणि गाडीत उडी मारली.

तात्पर्य एवढंच: 'नाहीतर शेजारी जातो' अशी धमकी कोणी दिली, तर घरचा दगड हलवण्याआधी शेजाऱ्याला जाऊन विचारावं.