दोन्ही डोळे घराकडे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, मी मोजायला नव्हतो. खारवेळच्या खाडीला तेव्हा इतकं पाणी होतं की मोठी जहाजंसुद्धा आत शिरत. त्या गावात नागूबाय नावाची कोळीण राहायची, आणि तिचं काम होतं होड्यांचे डोळे उघडायचं.

सुतारानं होडी बांधून दिली तरी ती अजून नुसतं लाकूडच. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नागूबाय दोन बाजूंना दोन डोळे रंगवी, तेव्हा कुठे तिची होडी होई. शिंपल्यांचा चुना, काजळ आणि माशाचं तेल, एवढंच तिचं सामान. नियमही एकच. उजवा डोळा समुद्राकडे बघणारा काढायचा आणि डावा घराकडे बघणारा. उजव्यानं वाट शोधायची, डाव्यानं घर विसरायचं नाही. असं म्हणतात, तिनं डोळे उघडलेली एकही होडी कधी बुडाली नाही. एकदा तिच्या पापणीवर रांजणवाडी आली होती, तरी ती तशीच रंगवायला बसली. ती होडी म्हणे सगळा हंगाम एक डोळा मिटूनच फिरली, आणि मासे बिचारे आपल्यालाच डोळा मारला असं समजून जाळ्यात आले.

मग फिरंगी आले. त्यांनी टेकडीवर त्यांचं देऊळ बांधलं, घंटा टांगली, आणि बघता बघता अर्ध्या गावानं नवा देव आणि नवी नावं घेतली. नागूबायचा एकुलता एक मुलगा धाकू, तोही दुमिंग झाला. घरात भांडण झालं असेल असं तुम्हाला वाटेल. झालं, पण आठच दिवस. पुढे ती रागावली की त्याला धाकू म्हणे आणि लाडात आली की दुमिंग, एवढाच फरक उरला.

म्हाताऱ्या पाद्रीनं मात्र आपल्या लोकांना बजावलं, लाकडाला डोळे नसतात, होड्या रंगवायच्या नाहीत. नागूबायचं निम्मं काम गेलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडून पाद्रीला रोज जाणारी कोळंबी बंद झाली.

एका पावसाळ्याच्या तोंडाला फिरंग्यांचं एक भलंमोठं जहाज वादळाचा मार खाऊन खाडीत आलं. त्याच्या नाळेवर हात जोडलेली एक लाकडी बाई होती. खाऱ्या पाण्यानं तिच्या चेहऱ्यावरचा रंग पार धुऊन नेला होता. निम्मे खलाशी वाटेत तापानं गेले होते, म्हणून कप्तानानं खारवेळचे बारा गडी घ्यायचं ठरवलं. त्यात दुमिंग सगळ्यांच्या पुढे. त्याला समुद्राच्या पलीकडचा मुलूख बघायचा होता. पाच वर्षांपूर्वी शेजारच्या गावचे सात जण असेच गेले होते आणि त्यातला एकही परत आला नव्हता. नागूबायला तेवढंच दिसत होतं. तिनं त्याला समजावलं, मग रागावली, मग दोन दिवस जेवली नाही.

"आये, एक खेप करून येतो," एवढंच तो म्हणे.

पावसाळ्यात जहाज दुरुस्त झालं, पण आंधळी मूर्ती घेऊन निघायला खलाशी तयार होईनात. रंगारी आणायचा कुठून? शेवटी पाद्रीच नागूबायच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"बाई, आमच्या मूर्तीचे डोळे काढशील का?"

"लाकडाला डोले नसतात," वाळत घातलेले बोंबील उलटत नागूबाय म्हणाली. "तुमीच सांगितलं ना?"

"माझं चुकलं असेल," पाद्री म्हणाला.

"ही बाय कोन तुमची?"

"आई आहे. तिचा एकुलता एक मुलगा तिच्या डोळ्यांदेखत गेला."

नागूबायचा हात थांबला. "काडते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रंगाची करवंटी घेऊन ती दोराच्या शिडीवरून नाळेवर उतरली. डावा डोळा घराकडे काढला. उजव्याला हात घातला, आणि तिला जहाजावर दोर गुंडाळणारा दुमिंग दिसला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात चुकला. चुकला कसला, तिनंच चुकवला. तो डोळाही तिनं घराकडेच काढला. मूर्तीची दोन्ही बुबुळं कोपऱ्यात गेली आणि ती खांद्यावरून खारवेळकडे बघत राहिली.

जहाज सकाळी निघालं आणि दुपारच्या जेवणाला परत आलं. कप्तान म्हणाला, वारा उलटा होता. वारा तर चांगला सरळ होता. दुसऱ्यांदा ते चार दिवस गेलं आणि पाचव्या दिवशी पुन्हा खाडीत. किनाऱ्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कप्तानानं ते डोळे खरवडायला सांगितलं. असं म्हणतात, जो खलाशी सुरी घेऊन नाळेवर उतरे त्याला स्वतःची आई आठवे आणि तो रडत वर येई. शेवटी कप्तान स्वतः उतरला. बऱ्याच वेळानं वर आला तो नाक पुसत. डोळ्यांचं नाव पुन्हा त्यानं काढलं नाही.

नागूबाय खूश होती. तिसऱ्यांदाही जहाज परत येणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती आधीच वाटण वाटून बसली होती.

जहाज आलं खरं, पण ते धावत आलं. दोन्ही डोळे घरावर लागलेले, मग समोरचा खडक बघायला डोळा उरला कुठे? खाडीच्या तोंडाशी कासव्या नावाचा खडक आहे. जहाज थेट त्याच्यावर चाललं. किनाऱ्यावर ओरडा झाला. अगदी शेवटी सगळ्या खलाशांनी मिळून सुकाणू फिरवलं आणि जहाज खडकाला घासून आत आलं. एका कुशीची फळी उभी फाटली. जहाजावर आपला मुलगा आहे आणि त्याला आपणच बुडवत होतो, हे नागूबायला कळलं. ती वाळूतच बसली.

दुमिंग किनाऱ्यावर आला. तिच्याशेजारी बसला.

"आये, मला जाऊ दे."

"जा की. कोनी धरलाय तुला?"

"तू."

नागूबाय उठली आणि घरून करवंटी घेऊन आली. शिडी धरायला पाद्री पाण्यात उतरला, झग्यासकट कमरेपर्यंत. तिनं उजवा डोळा पुसला आणि समुद्राकडे बघणारा काढला. इतकी वर्षं तिनं डोळे काढले होते, पण हा डोळा तिच्याच मुलाला दूर नेणारा होता. बुबुळ जरासं वाकडं झालं. ते तिनं तसंच ठेवलं, कारण पुन्हा पुसायची तिची हिंमत नव्हती.

फळी बसवून झाल्यावर जहाज चौथ्यांदा निघालं आणि सरळ गेलं. नागूबायनं किनाऱ्यावर कुणाला रडू दिलं नाही, स्वतःही रडली नाही. पाद्रीची कोळंबी पुन्हा सुरू झाली. तो रोज घंटा वाजवायच्या आधी टेकडीवरून समुद्राकडे बघे आणि खाली येऊन तिला सांगे, "आज नाही." असं दोन वर्षं चाललं.

मग एके दिवशी पाद्री बघून खाली आलाच नाही, वरूनच घंटा बडवत राहिला. जहाज कासव्याला व्यवस्थित वळसा घालून आत आलं. बाराच्या बारा गडी उतरले. दुमिंगनं आयेसाठी लांबच्या मुलखातून एक लालभडक तिखट शेंग आणली होती, तिला आपण आज मिरची म्हणतो. नागूबायनं ती सबंध चावली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं ते दोन दिवस थांबलं नाही. मिरचीच तसली होती, असं ती मरेपर्यंत सांगत असे.

आजही खारवेळला नवी होडी पाण्यात जाते तेव्हा ती जुन्या देवाच्या माणसाची असो की नव्या देवाच्या, रंगारी फक्त डावा डोळा काढतो आणि बाजूला होतो. समुद्राकडे बघणारा उजवा डोळा जाणाऱ्याच्या आईनं काढायचा, आई नसेल तर घरी थांबणाऱ्या बाईनं. कुणी त्यांना घाई करत नाही. परक्या बंदरातले लोक खारवेळच्या होड्या लांबूनच ओळखतात. त्या सगळ्यांचा उजवा डोळा जरासा वाकडा असतो.