काळ्या कुसळांचा सातू

एका राज्यात सातू असा पिकायचा, की राजाचा हत्ती शेतात शिरला तर दिसेनासा व्हायचा! राजा वीरबाहू मात्र भारी नखरेल. सारा सातू एका उंचीचा, एका रंगाचा हवा, असं त्याचं फर्मान. वेगळं रोप दिसलं, की खुरपणीच्या बायकांनी ते भेसळ म्हणून उपटायचं.

पुढे ताम्रकेतू नावाच्या मांत्रिकाने राज्याला शाप दिला. दरसाल तो डोंगरावरून फुंकर घाली आणि उभ्या पिकावर तांबेरा, म्हणजे पानं तांबडी करून जाळणारा रोग, पडे. तीन वर्षांत कणग्या रिकाम्या झाल्या. खुरपणीला जाणाऱ्या आणि बियाणं राखणाऱ्या भिवराच्या ओटीत शेवटचं मूठभर बी उरलं. ते गेलं, की सातू कायमचा गेला!

भिवरा घाबरली होती, तरी शाप उतरवा म्हणून विनवायला मांत्रिकाच्या डोंगरावर गेली. खांद्यावर तिचा बोलका चंडोल पक्षी होता.

"तीन कामं कर," मांत्रिक म्हणाला. "जिंकलीस तर शाप उतरेल. हरलीस तर बी माझं."

"कबूल आहे, महाराज."

पहिलं काम, तांबड्या धुळीची नदी श्वास न घेता ओलांडायची. भिवराने ती एका दमात ओलांडली. दुसरं काम, त्याने वाळवंटात उधळलेलं तिचं मूठभर बी वेचायचं. तिने आणि चंडोलाने सूर्य कलायच्या आत दाणा न् दाणा वेचला.

"आता पेर," मांत्रिक म्हणाला. "माझ्या फुंकरीपुढे एक कणीस टिकवून दाखव!"

मंतरलेल्या मातीत पेरताक्षणी सातू तरारला, निसवून कणसावर आला. सगळा सोनेरी, आणि मधोमध एकच बुटकं रोप, काळ्या कुसळांचं! भिवराचा हात सवयीने तिकडे गेला. तिने ते मुळाशी धरलंसुद्धा.

"बाई गं, थांब!" चंडोल ओरडला. "ह्याने तुझं काय वाईट केलंय?"

भिवरा चपापली. आजवर अशी किती उपटली, हे आठवून तिला रडूच फुटलं. तिने हात मागे घेतला. मांत्रिकाने फुंकर घातली. सारा सातू लाल झाला, करपला. काळं कणीस मात्र डुलत राहिलं!

"माझा वैरी तुम्हीच उपटत होतात," मांत्रिक विव्हळला, "म्हणून माझं फावलं!" एवढं बोलून तो मूठभर तांबडी धूळ झाला.

त्या एका कणसातून तीन वर्षांत राज्य पुन्हा पिकलं. राजाने फर्मान मागे घेतलं आणि स्वतः खुरपणीच्या ओळीत येऊन बसला. ज्याने त्या सातूचं पीठ खाल्लं, तो तृप्त झाला, तसे तुम्हीही व्हा. अजूनही तिथे वेगळं रोप दिसलं, की बायका खुरपं खाली ठेवतात आणि त्याचं बी राखायला भिवराला हाक मारतात.