सर्जेरावांच्या लिलीचं बारसं

"बाबा, यातला माझा दोरा कोणता?"

उमागीर बाबा मठाच्या ओट्यावर पाय सोडून बसले होते. त्यांनी समोरच्या लिलीच्या वाफ्याकडे पाहिलं.

"तांबडा ना?"

"तांबडा."

"मग तांबड्यातलाच कुठलातरी असेल."

वाफ्यातले सगळे दोरे तांबडे होते.

सर्जेराव खालीच बसले. त्यांची कोरेगावकडे रोपांची मोठी बाग होती. माणूस मेहनती, पण मान ताठ. लिलीवर लिलीचा संकर कसा करायचा हे बाबांइतकं त्या भागात कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून तीन उन्हाळे सर्जेराव मठात राबले. फूल उमलायच्या आधी पाकळ्या अलगद सोडवून आतले केसर कसे खुडायचे, दुसऱ्या फुलाची पिवळी पूड मधल्या दांडीच्या टोकाला कशी लावायची, सगळं शिकले. गप्प बसायला तेवढं शिकले नाहीत.

यंदा त्यांनी दुरून लिलीचा एक कांदा आणवला होता. कुंडीत लावला, त्याला रक्तासारखं तांबडं फूल आलं. त्याची पूड त्यांनी वाफ्यातल्या एका पांढऱ्या फुलाला लावली. एकालाच. दहांना लावली तर अप्रूप राहत नाही, असं त्यांचं मत. पोटी पांढरं फूल येणार, त्याचा गळा तांबडा असणार, आणि त्याचं नाव असणार सर्जेराज. खूण म्हणून देठाला तांबडा दोरा बांधला आणि ही बातमी द्यायला ते साताऱ्याला फुलशौकिनांच्या मंडळात गेले. तिथे हार झाले, भाषणं झाली, जेवणं झाली. परतायला आठवडा गेला.

आले तर कुंडीतला कांदा कुजलेला. दुसऱ्यांदा पूड मिळायची आशा संपली. वाफ्यातली फुलं उन्हानं मान टाकून सुकलेली. आणि कांद्याच्या वाफ्यासारख्या त्या दाट लिलीत देठादेठाला दोरा.

झालं होतं ते असं. गुरुवारी गावातल्या बाया दर्शनाला आल्या. सुंदराबाई चोपडे सगळ्यांच्या पुढे. तिला एका फुलाला दोरा दिसला. हा कोणी बांधला, तिनं बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, सर्जेरावांनी. कशापायी? बाबा म्हणाले, त्यांना काहीतरी हवंय.

खोटं काहीच नव्हतं त्यात.

सुंदराबाईनं पदराचा तांबडा दोरा काढून शेजारच्या देठाला बांधला. तिचा बघून दुसरीनं तसाच तांबडा काढला. पुढच्या गुरुवारची वाट कोणी पाहिली नाही. रोज येऊ लागल्या.

"आपण थांबवलं का नाही त्यांना?" सर्जेरावांचा आवाज चढला.

"थांबवलं असतं तर माझ्या पायाला बांधले असते."

सर्जेरावांनी एकेक देठ तपासला. मग त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले की काळजीचं कारणच नाही. दोरा बांधून कुठे बोंड धरत नाही. पराग फक्त आपण लावलाय. ज्या देठाला बोंड धरेल ते आपलं, बाकीचे देठ पिवळे पडून गळतील.

बाबांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

पंधरवड्यात सगळ्या वाफ्याला बोंडं धरली.

सर्जेराव मठात धावत आले. हे शक्यच नाही म्हणाले. बाबांनी ओट्याजवळ उभ्या असलेल्या सुंदराबाईला विचारलं, दोरा बांधताना आणखी काय केलंत? तिनं सरळ सांगितलं. फुलातला पिवळा भंडारा बोटावर घेतला आणि कपाळाला लावला. एका फुलाचा घेतला आणि बाकीच्यांचा नाही, असं कसं चालेल? म्हणून सगळ्यांचा घेतला. कुंडीतल्या तांबड्या देवाचापण घेतला.

"आणि बोट कुठं पुसलं?" सर्जेरावांनी विचारलं.

"पुसायचं कशाला? परत तिथंच वाहिलं."

सर्जेरावांनी डोळे मिटले...

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कात्री घेऊन वाफ्यात उतरले. सगळे दोरे कापायचे, म्हणजे निदान हा बाजार तरी बंद होईल. सुंदराबाई तिथे हजरच होती.

"दोऱ्याला हात लावू नका. माझ्या सुनेला दिवस गेलेत."

मागून दुसरी म्हणाली, तिची हरवलेली म्हैस घरी आली. तिसरीच्या नवऱ्यानं आठवडाभर दारू घेतली नव्हती, तो फक्त रुसून बसला होता. ती म्हणाली, अर्धं काम तर झालंय.

सर्जेराव पुन्हा बाबांकडे गेले. तुम्ही यांना खरं काय ते सांगा, तुमचं ऐकतील, म्हणून हात जोडले. बाबा म्हणाले, दोरा तुझा, तूच सांग.

मग सर्जेराव ओट्यावर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. हा नवस नाही. ही खूण आहे. हे शास्त्र आहे. साताऱ्यात जसं बोलले होते तसंच बोलले.

बायांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण तुम्हाला हवं काय होतं?" सुंदराबाईनं विचारलं.

"माझ्या नावाचं फूल."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कोणी हसलं नाही. सुंदराबाईच्या डोळ्यांत तर पाणी आलं. एवढा बागेचा धनी, आणि मागून मागितलं काय, तर फूल. तिनं पदराचा आणखी एक दोरा काढला.

"होईल हो दादा. का नाही होणार?"

त्या सकाळी प्रत्येक देठाला दुसरा दोरा बांधला गेला. सर्जेरावांसाठी.

ज्येष्ठ सरता सरता बोंडं उकलली. आत काळ्या, पातळ बिया, जळक्या कागदाच्या कपट्यांसारख्या. सर्जेरावांनी प्रत्येक बोंडासाठी वेगळी पुडी करून ठेवली होती. बाबा आले, सगळी बोंडं एका सुपात झाडली आणि सूप दोनदा हलवलं.

सर्जेरावांच्या हातात रिकाम्या पुड्या राहिल्या.

"पेर," बाबा म्हणाले.

"कोणतं?"

"सूप."

सर्जेरावांनी सांगून टाकलं की आपण आजच मठ सोडून निघालो. बाबा म्हणाले, जा. फूल यायला तीन वर्षं आहेत, मध्ये कुठे जाऊन यायचं तर हीच वेळ. सर्जेराव पायरीपर्यंत गेले. सुंदराबाई झारी घेऊन वाफ्याकडे येताना दिसली, तसे परत फिरले. तिच्या हाती वाफा द्यायला ते तयार नव्हते.

तीन वर्षं त्यांनी सगळ्या रोपांना पाणी घातलं. आपलं कोणतं ते माहीत नसल्यामुळे एकालाही उपाशी ठेवता येईना. कुजकी मुळं कापली, शेणखत चाळून घातलं, गोगलगाई वेचल्या. रोज कोणीतरी बाई येऊन माझं कसं आहे म्हणून विचारायची, आणि सर्जेराव दात आवळून म्हणायचे, बरं आहे.

चौथ्या वैशाखात फुलं आली. गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांची, काही अगदीच मळकट. आणि वाफ्याच्या कडेला एक... पांढरं शुभ्र, गळा तांबडा.

सर्जेराव फुलाशी वाकले. त्यांनी मनात धरलं होतं तसंच होतं. रेषेचाही फरक नव्हता.

"आलं माझं," मागून सुंदराबाई म्हणाली.

सर्जेराव वळले. "तुझं?"

"नवसाचं. नातीचं नाव ठेवणार मी त्याला."

सर्जेराव म्हणाले, पूड मी आणली. ती म्हणाली, बोट माझं होतं. ते म्हणाले, पाणी मी घातलं. ती म्हणाली, मग उपकार झाले, पण नाव नातीचंच. तोवर बाया गोळा झाल्या. गलका ऐकून बाबा काठी टेकत आले.

सर्जेरावांनी त्यांचे पाय धरले. बाकी सगळं गेलं तरी चालेल म्हणाले. वाफा हिला द्या, बिया हिला द्या. फक्त नाव माझं राहू द्या.

बाबा फुलासमोर उभे राहिले. खूप वेळ बघत राहिले. फूल खरोखर देखणं होतं.

"काय नाव म्हणालास?"

"सर्जेराज."

"बरं. हाक मार."

"कोणाला?"

बाबांनी काठीनं फूल दाखवलं.

सर्जेरावांनी बायांकडे पाहिलं. बाया फुलाकडे बघत होत्या. सुंदराबाईनं पदर तोंडाला लावला होता.

"सर्जेराज..." ते पुटपुटले.

बाबांनी कानाला हात लावला. सगळे गप्प. वारासुद्धा नव्हता.

"ऐकू गेलं नसेल," बाबा म्हणाले. "जरा मोठ्यानं मार."