पाणी आलं कुठून?

डोंगरांच्या पलीकडे, जिथे ढग यायचे पण थांबायचे नाहीत, तिथे फार पूर्वी एक राज्य होतं. त्या राज्यात एक चांगला रिवाज होता. दरवर्षी होळी झाली की राजा सवालसभा भरवी. प्रत्येक परगण्यानं निवडून दिलेला एकेक सभासद तिथे येई आणि प्रधानांना उभं करून विचारी, "आमच्या नावानं खजिन्यातून पैसा उचललात, त्याचं काय केलंत?" प्रधान कितीही मोठा असो, राजासमोर त्याला उत्तर द्यावंच लागे.

या राज्यात माळ नावाचा एक उंचावरचा, कोरडा परगणा होता. तिथल्या लोकांनी सगुणा नावाच्या कासारणीला निवडून दिलं होतं. सगुणा विधवा होती. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती घरोघर फिरे. बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या भरता भरता तिला घराघरातलं दुखणं कळे. कोणाची सून पाण्यासाठी अर्धा दिवस वणवण करते, कोणाची गाय चाऱ्यावाचून मेली, सगळं तिला ठाऊक. आणि जीभ अशी धारदार, की पाटलानंही जपून बोलावं.

सभेत तिच्या शेजारी खालच्या खोऱ्याचे सभासद बसत. नागोजीकाका त्यांचं नाव. खोऱ्यातून नदी वाहत होती, काठानं केळीच्या बागा होत्या. काका येताना घरची केळी घेऊन येत आणि सभा रंगात आली की हळूच सगुणेच्या हातात एक ठेवत. "खा पोरी. प्रधान बोलायला लागले की लवकर थांबत नाहीत."

त्या वर्षी सगुणेनं जलप्रधानाला उभं केलं.

"प्रधानजी, माळावर तळं बांधायचं म्हणून मी लग्न होऊन आले तेव्हापासून पैसा निघतोय. डोंगरातल्या ओहोळांना दगडी बांध घालायचे, पावसाचं पाणी अडवायचं, तळ्यात आणायचं. बांध कुठे आहेत?"

जलप्रधान गोड बोलणारा होता. "काम प्रगतीवर आहे, सगुणाबाई."

"खड्डा खणलाय, तेवढा मी रोज बघते. त्यात आमची शेरडं चरतात. ती मात्र चांगली प्रगतीवर आहेत."

सभा खदाखदा हसली. राजाही हसला आणि मग गंभीर झाला. "प्रधानजी, पुढच्या सभेच्या आत माळाचं तळं पाण्यानं भरलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर तुमची गादी दुसऱ्याला."

सभेनं टाळ्या वाजवल्या. नागोजीकाकांनी तर बाकावर हात आपटला. "शाब्बास पोरी!"

आणि खरंच तळं भरलं! पावसाळा नेहमीसारखाच कोरडा गेला होता. दिवाळी उलटली, थंडी पडली, आभाळात ढगाचं नाव नव्हतं, आणि एका सकाळी डोंगराच्या पोटातून काढलेल्या पाटानं पाणी खळाळत आलं. बायका घागरी टाकून पाण्यात उतरल्या. म्हातारी माणसं काठावर बसून नुसती बघत राहिली. सगुणेचा दीर भानबा, त्याचं शेत तळ्याला लागूनच. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऊस लावला. लोकांनी सगुणेची गावभर मिरवणूक काढली. पाट येतो त्या डोंगरापलीकडे प्रधानाच्या शिपायांचा पहारा होता, तिकडे कोणाला जाऊ देत नव्हते. पण पाणी येतंय म्हटल्यावर तिकडे जातंय कोण?

होळी आली. सगुणा सभेला निघाली. तळ्याच्या पाण्यावरची वांगी, मिरच्या, कोवळी मेथी तिनं टोपलीत भरली. म्हणाली, "नागोजीकाकांची केळी इतकी वर्षं खाल्ली, आता त्यांना आपला भाजीपाला खाऊ घालीन." म्हणून तिनं नेहमीची वाट सोडली आणि खोऱ्याची वाट धरली.

खिंड उतरून ती खाली आली आणि जागच्या जागी थबकली.

नदी नव्हती. नदीच्या जागी पांढरे गोटे उन्हात तापत पडले होते. मधेच एक होडी आडवी झाली होती, तिच्या फळ्या उकलल्या होत्या. दोन्ही काठांच्या केळी करपून कंबरेत मोडल्या होत्या. जिथे ऐन उन्हाळ्यातही गारवा असायचा, तिथे धूळ उडत होती. निम्म्या घरांना कुलपं होती. एक बाई नदीच्या पात्रात झरा खणून वाटीवाटीनं गढूळ पाणी भरत होती. तिचं तान्हं मूल शेजारी वाळूत रडत होतं. बाईनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

 सगुणा पळतच नागोजीकाकांच्या घरी गेली. काका ओट्यावर बसले होते. वर्षभरात दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

"काका, हे काय झालं? नदी कुठे गेली?"

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या टोपलीतल्या हिरव्यागार भाजीकडे बघितलं.

"तुला ठाऊक नाही?"

"काय?"

"दिवाळीनंतर प्रधानाची माणसं आली. वर डोंगराच्या वळणाला नदीत भिंत घातली आणि सगळं पाणी पाटात वळवलं. आम्ही आडवे पडलो. ते म्हणाले, माळाच्या सगुणाबाईंनी भर सभेत तळं मागितलंय, राजाचा हुकूम आहे, तुमच्या काकांनीही टाळ्या वाजवल्यात. मी काय बोलणार? वाजवल्या होत्या खऱ्या."

 सगुणा ओट्याच्या पायरीवर मटकन बसली.

"काका, मी तळं मागितलं होतं. तुमचं पाणी नव्हतं मागितलं!"

"मी तेच म्हणत होतो घरात," काका हळू आवाजात म्हणाले. "सगुणा असं करायची नाही. कोणी ऐकलं नाही माझं."

तिच्या मनात आलं: थंडीच्या दिवसांत, कोरड्या आभाळाखाली, तळं काठोकाठ भरलं. तेव्हा आपल्याला एकदाही कसा प्रश्न पडला नाही? सगळ्या राज्याला प्रश्न विचारत फिरणारी मी! तिला स्वतःचीच भीती वाटली.

"चला काका, सभेला."

"मी नाही येत. चालवत नाही आता. आणि तिथे विचारू तरी काय? राजाचाच हुकूम तो."

ती एकटीच निघाली.

राजवाड्याच्या दारात जलप्रधान हसतमुखानं उभा होता. जणू तिचीच वाट बघत होता. "या सगुणाबाई. खोऱ्याकडून आलात वाटतं? पायाला धूळ फार लागलीय." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुम्ही मागितलंत, तुम्हाला मिळालं. आता काही विचाराल तर पहिलं तुमचंच तळं आटेल. तुमच्या माणसांना काय सांगाल?"

तेवढ्यात भानबा पुढे आला. माळाची बरीच मंडळी यंदा मुद्दाम सभा बघायला आली होती. प्रधानाचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. सगुणेनं त्याला बाजूला घेऊन खोऱ्यात बघितलं ते सगळं सांगितलं. भानबाचा चेहरा पडला. पण क्षणभरच.

"वहिनी, वाईट झालं. पण आपण थोडंच केलं ते? माझा ऊस उभा आहे. पोरांच्या तोंडाला पहिल्यांदा गूळ लागेल. तुम्ही गप्प बसा. एवढं एक वर्ष गप्प बसा."

सगुणा आत जाऊन आपल्या जागी बसली. सभा भरली. शेजारची जागा रिकामी होती.

जलप्रधान उठला. माळाचं तळं कसं भरलं, त्यानं रंगवून सांगितलं. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. राजा खूश होऊन म्हणाला, "सगुणाबाई, झालं ना समाधान?"

सगळे तिच्याकडे बघत होते. मागे भानबा हात जोडून उभा होता. सगुणा उठली. 

"महाराज, तळं भरलंय. मला एवढंच विचारायचंय, पाणी आलं कुठून?"

 इतका साधा प्रश्न, पण उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. एकानं दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे.

मग सगुणेनं बघितलं तसं सांगितलं. नदीचे गोटे, मोडलेल्या केळी, वाळूत रडणारं तान्हं मूल. ऐकता ऐकता सभासदांचे चेहरे पांढरे पडले. टाळ्या वाजवलेले हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. राजा सिंहासनावरून उठून उभा राहिला.

"प्रधानजी, हे खरं आहे?"

जलप्रधान घाबरला नाही. खांदे उडवून म्हणाला, "खरं आहे, महाराज. आपण म्हणालात तळं भरलेलं दिसलं पाहिजे. ते दिसलं. पाणी कुणाचं आणायचं, ते आपण विचारलं नाहीत. या सभेतल्या एकानंही विचारलं नाही."

हे ऐकून सभा जास्त हादरली. कारण माणूस लबाड असला तरी हे एवढं तो खरं बोलत होता.

राजानं त्याला तिथल्या तिथे पदावरून काढलं. चौकशी झाली तेव्हा कळलं, की बांधांसाठी घडवलेल्या दगडांची प्रधानानं स्वतःची हवेली बांधली होती. राजानं ती पाडायला लावली आणि दगड डोंगरावर धाडले. नदीतली भिंत फोडली. नदी खोऱ्यात परतली.

आणि माळाचं तळं आटलं. भानबाचा ऊस उभ्या उभ्या वाळला. त्या उन्हाळ्यात सगुणा ज्या ज्या दारात गेली, ते ते दार तिच्या तोंडावर बंद झालं. ज्यांनी मिरवणूक काढली तेच म्हणू लागले, "आपल्याच हातांनी आपल्या माणसांचं पाणी ओतून दिलं हिनं." भानबानं तिच्याशी बोलणं सोडलं. ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडे. पण आपण विचारलं ते चुकलं, असं तिला कधी वाटलं नाही.

मग डोंगरावर बांधांचं काम सुरू झालं. माळाचे लोक हात लावायला गेले तर पाहतात तो काय, खोऱ्याची माणसं बैलगाड्या घेऊन आधीच हजर! नागोजीकाकांनी पाठवली होती. भानबाच्या जोडीला खोऱ्यातला एक तरुण दगड उचलायला होता. दुपारी भाकरी सोडताना भानबानं सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं?" तो म्हणाला, "बायको आहे. मुलगी होती. मागच्या माघात गेली. गढूळ पाणी बाधलं." आणि त्यानं आपल्या भाकरीतली अर्धी भानबापुढे केली.

भानबानं हातातला घास परत फडक्यावर ठेवला.

पावसाळ्यात बांधांनी जमेल तेवढं पाणी अडवलं. तळं काठोकाठ भरलं नाही, निम्मंच भरलं. पण त्यात कोणाच्या डोळ्यातलं पाणी नव्हतं.

पुढच्या निवडीत माळानं सगुणेला घरी बसवलं. लोकांचा राग अजून पुरता गेला नव्हता. त्यांनी भानबाला सभेला धाडलं. म्हणाले, "तू आपल्या माणसांचं बघशील."

सभेत नवा सडकप्रधान उठला. म्हणाला, "माळ परगण्यासाठी आनंदाची बातमी आहे! राजधानीपासून थेट माळापर्यंत रुंद सडक होणार. पैसा मंजूर आहे, उद्यापासून काम सुरू."

माळाची मंडळी आनंदानं ओरडली. आता भानबा आभार मानणार म्हणून सगळे गप्प झाले. भानबा उठला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती. हातातलं मुंडासं तो उगाच पिळत राहिला.

"प्रधानजी, सडक आम्हाला हवीच आहे. पण आधी एक सांगा. ही सडक कुणाच्या शेतातून जाणार? आणि त्यांना विचारलंय का?"

सडकप्रधानानं आ वासला. त्यानं कोणालाच विचारलेलं नव्हतं. काम थांबलं, आणि ज्यांची शेतं जाणार होती त्यांना आधी सभेत बोलावणं गेलं.

ही बातमी माळावर पोचली तेव्हा सगुणा अंगणात बसली होती. ऐकून ती आधी चकितच झाली. मग उठली, चूल पेटवली आणि भानबाच्या वाट्याच्या भाकरी थापायला घेतल्या.

तात्पर्य एवढंच: आपल्याला काही मिळालं नाही म्हणून जाब विचारणं सोपं असतं, जे मिळालं ते कुणाच्या वाट्याचं, हे जो विचारतो तोच लोकांचा खरा प्रतिनिधी.