हातचं पोळं

पळसवण्याच्या मोहोळकड्यावर, अगदी काठाच्या दगडात, तळहात मावेल एवढी खाच आहे. शेजारच्या करवंदीत दर वर्षी फुलोरी या बारक्या मधमाश्यांचं मूठभर पोळं लागतं. हात पुढं केला की मिळेल असं. ते कोणी काढत नाही.

चढताना मी विचारलं होतं, "याहून सोपी वाट नाही का?" वाट दाखवायला आलेले बुधामामा हसले. "लागल्या का ताई हातच्या पोळ्याला!" सोप्याला कोणी भुललं की गावात असंच म्हणतात. मीही हसले. मग खाचेपाशी बसून त्यांनी सांगितलं.

फार पूर्वी कड्यावरचा मध काढणारा हिरू इथं राहायचा म्हणे. त्याची बायको सोमी पोटुशी होती आणि तिला मधाचेच डोहाळे लागले. हिरूनं वाखाचा दोर झाडाला बांधला आणि तो आग्या मोहोळापर्यंत खाली उतरला. काठाचा दगड सुरीसारखा. दोर त्यावर घासू नये म्हणून सोमीनं हाताला घोंगडीचा तुकडा गुंडाळला आणि तो हात दोराखाली धरला.

खालून ती त्याला दिसत नव्हती. तो सारखा विचारायचा, "हात हाय ना गं?"

"हाय," ती म्हणायची.

ऊन वर आलं. हात बधिर झाला. समोरच्या करवंदीत ते एवढंसं पोळं, त्यातून मध ठिबकत होता. डावा हात तिथवर पुरेना. दोराखालचा उजवा पुरत होता. एका घासाचं तर काम, असं तिला वाटलं असेल.

"हात हाय ना?"

तेव्हा मध तिच्या तोंडात होता, असं सांगतात. तशीच ती म्हणाली, "हाय."

हात परत ठेवला तर खाली तुटलेल्या दोराचं नुसतं टोक. तिनं ते दगडावर दाबून धरलं. "हाय रे, हाय," म्हणत राहिली. तिन्हीसांजेला माणसं आली, पण ती हात काही उचलेना. खाच तेव्हाची.

"मग तिचं काय झालं?"

मामा करवंदीकडं बघत राहिले. "त्ये कुणी सांगत न्हाई."

आता दोरानं कोणी उतरत नाही, गावात मधाच्या पेट्या आल्यात. तरी आजही वर आलेली बाई आधी खाचेत हात ठेवते आणि तेवढा एक शब्द म्हणते. मीही ठेवला. दगड तापलेला होता. खालून कोणी काही विचारलं नाही.

"म्हणा, ताई."

कानाशी एक माशी गुणगुणली, ती मी झटकली.

"हाय," मी म्हणाले. खाली पाहिलं, तर माझा हात खाचेत नव्हता.