गाद्यांची चळत माळ्यावर गेली तेव्हा

गाणं ऐकायला माणसं मुद्दाम एका जागी बसत, त्या काळातली ही गोष्ट. केळुसकर मास्तरांनी हौसेने नवे स्पीकर आणले. एवढ्या देखण्या पाहुण्यांशेजारी गबाळं नको, म्हणून भिंतीलगतची गाद्या-गोधड्यांची चळत त्यांनी माळ्यावर चढवली.

रेकॉर्ड लावली, तर गाणं विहिरीत बसून म्हटल्यासारखं घुमलं.

"सुई झिजलीय," स्पीकर म्हणाले. मास्तरांनाही तसंच वाटलं. नवी सुई आली.

"माझं काही नाही, अॅम्प्लिफायर म्हातारा झालाय," सुई म्हणाली. तोही बदलला. गाणं घुमतच राहिलं. वैतागून मास्तर म्हणाले, "या रेकॉर्डीच आता भंगारात जाणार!"

रेकॉर्डी थरथरल्या. नवा अॅम्प्लिफायर मात्र विचारात पडला. "स्पीकर, सुई, मी, सगळे नवे. मग हे मागून बोलतंय कोण?"

"मी," भिंत म्हणाली. "जे येईल ते मी उलट फेकते. आधीही फेकलं असतं, पण मध्ये ती बसलेली असायची."

"ती कोण?"

भिंत सांगणार, तोच मास्तरांच्या पत्नी, शालनताई, आल्या. "पाहुणे यायचेत, माळ्यावर चढउतार कोण करणार?" म्हणत त्यांनी ती चळत पुन्हा भिंतीशी रचली.

गाणं स्वच्छ झालं. "बघ, नवा अॅम्प्लिफायर आत्ता कुठे रुळला!" मास्तर खूश झाले.

अॅम्प्लिफायर ओशाळला. त्याने सगळ्यात वरच्या गोधडीला हळूच विचारलं, "आजी, तुम्ही नक्की केलंत काय?"

"काही नाही रे," गोधडी म्हणाली. "ऐकून घेतलं."