गप्प बसलेली गाठ

"मग आता थांबायचं कशासाठी, बाई?"

डॉ. हृषीकेश साळवीनं फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. स्कॅन काढला होता मुतखड्यासाठी. खडा आपसूक पडून गेला. पण मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते ना ती अॅड्रिनल ग्रंथी, तिच्यात गाठ दिसली. चार सेंटिमीटरची. कुणाच्या ध्यानीमनी नसताना.

देऊळगावकर बाई चष्मा पुसत राहिल्या. तालुक्याच्या धर्मादाय दवाखान्यात चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेली बाई. साळवी त्यांच्याच हाताखाली शिकला, पण हल्ली त्याला वाटायचं, बाईंचं वय झालं.

बीपी तीनदा मोजलं होतं, तीनदा नॉर्मल. घाम येतो का, धडधडतं का, डोकं ठणकतं का, सगळं विचारून झालं. समोर बसलेल्या कुसुमबाई गावंडे प्रत्येक प्रश्नाला म्हणाल्या, काही नाही. मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय, गाठ काढा आणि मोकळं करा.

"गप्प बसलेली गाठ आहे, बाई. मंगळवारी काढतो."

"गप्प आहे... की गप्प बसवलीय?"

साळवीला ते लागलं.

बाईंनी फिल्म उतरवून टेबलावर पालथी ठेवली. स्वतः उठून दार उघडलं. बाहेर बाकावर कुसुमबाईंची शेजारीण होती, मालन तांबट. फार मधेमधे बोलते म्हणून साळवीनंच तिला मघाशी बाहेर घालवलं होतं. बोलावल्याबरोबर ती इतक्या चटकन आत आली, की दाराला कान लावूनच असावी.

बाईंनी तिला साळवीच्या खुर्चीत बसवलं.

"तुमचं दार यांच्या समोरच ना? काय दिसतं?"

कुसुमबाईंनी डोळे वटारले. मालन थोडी घुटमळली... मग तिनं सांगूनच टाकलं. दिवाळीपासून हिच्या दारात रांगोळी जाऊबाई घालते. दोघींचं बिनसलं असणार, म्हणून मालननं पाळतच ठेवली. तर एक दिवस ही रांगोळीला वाकली आणि चौकट धरून उभी राहिली. तोंड चुन्यासारखं पांढरं, पोलकं घामानं चिंब. पाव तासानं पुन्हा ठणठणीत. वर चहाला बोलावून शपथ घातली, कुणाला सांगू नको.

"लग्न पुढं ढकलतील ना..." कुसुमबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या.

साळवीचा हात फिल्मकडे गेला आणि मधेच थांबला. मंगळवारी ऑपरेशनच्या टेबलावर ती गाठ नुसती हलली असती, तरी बीपी कुठल्या कुठं... पुढचं त्यानं मनातही आणलं नाही.

चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून तपासायला गेली. कॅनवर नजर ठेवायचं काम मालननं मागून घेतलं. अहवाल आला. बीपी भडकवणारं रसायन गाठ अधूनमधून, वाकलं की दाब पडून, रक्तात सोडत होती. आधी गोळ्या, मग सुरी, असं ठरलं.

तीन आठवड्यांनी साळवी पुन्हा बाईंपुढे उभा राहिला. हातात बीपीचा तक्ता. आवाज बराच खाली आलेला.

"आता काढू का, बाई?"

बाईंनी तक्ता हातात घेतलाच नाही.

"मला काय विचारतोस... रांगोळी कोण घालतंय, ते मालनला विचारून ये."